दोन मिस कॉल म्हणजे थांबू नका

वर्षानुवर्षं एकाच गाडीनं अप-डाऊन करणाऱ्या माणसांजवळ दोन गोष्टी हमखास साठतात. डिकीत बेवारस छत्र्या आणि तोंडात किस्से. छत्र्यांचं एक बरं असतं, कधीतरी कुणीतरी ओळखतं आणि घेऊन जातं. किस्से मात्र घरी नेले की घरची माणसं म्हणतात, "बरं, मग? त्यात हसण्यासारखं काय झालं?" म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावेत.

आमची गाडी म्हणजे जाधव सरांची गाडी. आम्ही सगळे राहायला नांदेडात आणि नोकऱ्या अहमदपुरात. म्हणजे झोपायला नांदेड जिल्हा आणि हजेरीला लातूर जिल्हा! सकाळी सोनखेड, लोहा, माळाकोळी करत जायचं आणि संध्याकाळी त्याच गावांना उलट्या क्रमानं रामराम घालत परत यायचं.

जाधव सर गणिताचे मास्तर. गाडी त्यांची, स्टेअरिंग त्यांचं आणि घड्याळही त्यांचंच. सात चाळीस म्हणजे सात चाळीस! त्यांच्या शेजारच्या सीटवर खाजाभाई, बँकेत आहेत. मधल्या सीटवर वाघमारे मॅडम, कोर्टात स्टेनो. त्यांच्या बाजूला मी, सुनंदा, तहसील कचेरीतली. 'जगातल्या प्रत्येक घराची आतली बातमी हिला हवी असते' हे माझ्याबद्दलचं मत वाघमारे मॅडमचं आहे, माझं नाही. आणि सगळ्यात मागे दीपा. कृषी खात्यातली, गाडीत सगळ्यात उशिरा आलेली, कानात कायम काहीतरी खुपसून बसलेली पोरगी. ती मला पहिल्या दिवशी मावशी म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ताई म्हणायला लागली. मधे काय झालं ते जाऊ द्या.

*

तर आधी मिस कॉलचं सांगते, कारण तो आमच्या गाडीचा कायदा आहे.

दीपा यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. एक दिवस वाघमारे मॅडम त्यांच्या कॉर्नरवर आल्याच नाहीत. आम्ही दहा मिनिटं वाट पाहून निघालो. दुसऱ्या दिवशी त्या गाडीत बसल्या बसल्या जाधव सर आरशात बघून म्हणाले, "काल काहून न्हाई आल्या मॅडम?"

"काम होतं."

"घरचं का बाहेरचं?" खाजाभाई.

"तब्येत तर बरी आहे ना?" हे अर्थात मी.

मॅडमनी खिडकीची काच वर केली. वाऱ्यात शब्द हरवू नयेत म्हणून! मग म्हणाल्या, "मिस्टर गेले त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून मी माझ्या मनानं उठते, माझ्या मनानं जेवते आणि माझ्या मनानं रजा टाकते. आमचे साहेबसुद्धा अर्जावर 'घरगुती कारण' एवढं वाचून सही करतात. तुम्ही तिघं काय हायकोर्ट आहात? माझं कुणावाचून अडत नाही."

मग जाधव सर हळूच म्हणाले, "तुमचं अडत न्हाई, खरं हाय. पण तुमच्या कॉर्नरवर आम्ही दहा मिनिटं अडून बसलो, त्याचं काय करायचं?"

मॅडमना हे पटलं. पटलं की त्या डावी भुवई उचलतात. माणूस पडला स्टेनो, सगळं जग शॉर्टहँडमधे बघायची सवय. लोहा यायच्या आत त्यांनी कोड तयार केला. सरांना एक मिस कॉल दिला, तर 'निघाले, थांबा.' दोन मिस कॉल दिले, तर 'येत नाही, थांबू नका.' आणि त्याला जोडून, "विचारूही नका. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही."

मी म्हटलं, "व्हॉट्सअ‍ॅप करत जाऊ की."

सर म्हणाले, "गाडी चालवताना मी फोन बघत न्हाई. रिंग मोजायला डोळे लागत न्हाईत."

खाजाभाईंचं मात्र समाधान होईना. "एक झाला, दोन झाले. तीनचं काय?"

"तीनची गरज नाही," मॅडम म्हणाल्या.

"असं कसं मॅडम! सगळा कोड नुस्ता येतो-जातो, येतो-जातो. खुशीचं काहीच न्हाई त्याच्यात!" आणि त्यांनी स्वतःच जाहीर केलं. तीन मिस कॉल म्हणजे, 'डबे उघडू नका, आज खाना माझ्याकडून!'

दुपारी आमचे डबे एकत्र असतात. कोर्ट आणि तहसील कचेरी शेजारी शेजारी, बाकीचे चालत येतात. तहसीलच्या आवारात लिंबाखाली बाकडं आहे, तिथे मैफल. त्यानंतर प्रत्येकानं कधी ना कधी तीन मिस कॉल दिले. सरांच्या मुलाला नोकरी लागली तेव्हा, माझी पुतणी पास झाली तेव्हा, खाजाभाईंनी तर दोन्ही ईदच्या दुसऱ्या दिवशी आणि जावयाच्या वाढदिवसालासुद्धा. मॅडमनी एकदाही नाही. त्या डबासुद्धा बाकड्याच्या टोकाला बसून एकट्या खायच्या. "मी कुणाच्या डब्यात हात घालत नाही, माझ्यात कुणी घालू नये."

तीन मिस कॉलचं एवढं एक कलम त्यांनी आमच्यासाठी कधी वापरलं नाही.

*

एकदा सकाळी सरांच्या फोनवर खाजाभाईंचे मिस कॉल आले. एक. दोन. आणि थोड्या वेळानं तिसरा.

"खाजाभाईकडून खाना!" सर स्टेअरिंगवर थाप मारून म्हणाले. ते गाडीला नव्हते म्हणजे मोठा बेत असणार, मागून स्वतंत्र गाडीनं बिर्याणीची डेग येणार, असा आम्ही हिशेब लावला. दीपा तेव्हा नवी होती. तिनं हातातला नाश्ताही अर्ध्यावर सोडला.

दीड वाजता सगळे बाकड्यावर. डबे मांडीवर, झाकणं बंद. पावणेदोन झाले. दोन झाले. दीपाचा हात झाकणाकडे गेला की सर म्हणायचे, "उघडायचा न्हाई! माणसानं शब्द दिलाय." टोकाला बसून मॅडम शांतपणे आपली भाजी-भाकरी खात होत्या. आमच्याकडे बघत एकेक घास बत्तीस वेळा चावून!

अडीच वाजता मला राहवलं नाही, मी खाजाभाईंना फोन लावला. भाई देगलूरला, मेव्हणीच्या घरी!

"अरे ताई, मी येत न्हाई म्हणून दोनच दिलो होतो. पण दुसरा गेला का न्हाई कळंना. मग खात्रीसाठी अजून एक मारलो!"

त्या दिवसापासून आमच्या गाडीत कुणी एकच गोष्ट दोनदा सांगितली की बाकीचे म्हणतात, "खात्रीसाठी मारला वाटतं!" जाधव सर घरून निघताना कुलूप दोनदा ओढून बघतात, त्यालाही आता हेच नाव आहे.

*

'विचारू नका' हे कलम पाळताना सगळ्यात जास्त हाल कुणाचे झाले असतील ते तुम्ही ओळखलंच असेल.

मॅडमनी दोन मिस कॉल दिले की दुसऱ्या दिवशी माझी जीभ नुसती वळवळायची. मग मी एक युक्ती काढली. विचारायचं नाही ना? ठीक. नुसतं बोलायचं. "काल बाई काय ऊन होतं. कुणी बाजारात गेलं असेल तर घेरीच आली असेल." किंवा, "काल वजिराबादेत म्हणे साड्यांचा सेल लागला होता. गेलेल्यांनी पुष्कळ घेतल्या म्हणे." एवढं बोलून मी खिडकीबाहेर बघायचे, जशी काही मला त्या उत्तराची पडलेलीच नाही.

तीन वेळा मॅडमनी ऐकून घेतलं. चौथ्या वेळी म्हणाल्या, "सुनंदा, प्रश्नचिन्ह काढलं म्हणून प्रश्न संपत नाही!"

खाजाभाई इतके हसले की सरांना गाडी बाजूला घ्यावी लागली.

*

आता जाधव सरांच्या स्वातंत्र्याचा किस्सा.

एका शुक्रवारी सर तडकले. निमित्त साधं होतं. मला दारासमोर सोडा म्हणून मी हट्ट धरला, गल्लीत उलट्या दिशेनं टेम्पो आला आणि सरांना अर्धी गल्ली रिव्हर्स घ्यावी लागली. सर म्हणाले, "मी काय तुमचा ड्रायव्हर हाय का? एकाला इथं उतरव, एकीला तिथं उतरव! सोमवारपासून मी एकटा जाणार. माझी गाडी, माझा रस्ता, माझी गाणी!"

आम्हीही तोऱ्यात आलो. बसनं जाऊ म्हटलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार आम्ही चौघं बसमधे उभे आणि सर शेजारून भुर्रकन पुढे. काचा खाली, गाणी मोठ्यानं.

शुक्रवारी सकाळी सात पस्तीसला माझ्या दारासमोर हॉर्न. दारासमोर! गाडीतून असला घरघराट येत होता की शेजारणी बाहेर आल्या. सायलेन्सर तुटून तारेनं बांधलेला होता.

"काय झालं सर?"

सर समोर बघत म्हणाले, "चार दिवसांत रस्त्यावरचे सगळे स्पीड ब्रेकर उडवलो. अकरा वर्षं झाली, मला वाटायचं हा रस्ता मला तोंडपाठ हाय. मला कुठला! तो तर खाजाभाईला पाठ हाय."

तेव्हा आमच्या लक्षात आलं. अकरा वर्षं खाजाभाई गप्पा मारता मारता दर थोड्या वेळानं "ब्रेकर, सर" असं म्हणत आले होते. म्हणणाऱ्याला भान नव्हतं, ऐकणाऱ्यालाही नव्हतं. खाजाभाई त्यांच्या कॉर्नरवर दार उघडून आपल्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि एवढंच म्हणाले, "चला."

*

दीपाचा किस्सा ऐका. तिच्या घरी स्थळं बघायला सुरुवात झाली, तसं तिनं गाडीत जाहीर केलं. "लग्न हा माझा पर्सनल डिसिजन आहे. घरच्यांना सांगितलंय, तुम्हालाही सांगते. मधे कुणी पडायचं नाही. मला माझी स्पेस पाहिजे."

"दिली," मॅडम म्हणाल्या. त्यांना ही पोरगी तेव्हापासून आवडायला लागली.

रविवारी ती उदगीरच्या एका मुलाला भेटली. एकटीच गेली, कॉफी प्यायला. सोमवारी गाडीत बसली ती कान रिकामे ठेवून. वर्षभरात पहिल्यांदा आम्हाला तिचे कान दिसले! आम्ही सगळी कायद्याची माणसं. एक अक्षर विचारलं नाही. सोनखेड गेलं. खाजाभाई कापसावर बोलत होते. लोहा गेलं. सर क्रिकेटवर आले. दीपा मागे कूस बदलत होती, उसासे टाकत होती, खोकत होती.

माळाकोळीच्या अलीकडे तिचा धीर सुटला. "अहो, विचारा ना कुणीतरी!"

सरांनी गाडी बाजूला घेऊन इंजिनच बंद केलं. सगळे मागे वळून बसलो. मुलगा कसा, उंची किती, बोलतो कसा, आई काय म्हणाली, सगळं झालं. मग ती म्हणाली, "तसा चांगला आहे. पण त्यानं माझ्या कॉफीत न विचारता दोन चमचे साखर टाकली. आणि ढवळूनही दिली."

आम्ही तिघांनी त्याला माफ करून टाकलं होतं. खाजाभाई तर म्हणाले, "प्यार से टाकला असेल बेटा." मॅडमनी तेवढं केलं नव्हतं. मग म्हणाल्या, "आमच्या मिस्टरांना मी अठरा वर्षं चहा दिला. रोज विचारायचे, 'तुझा झाला का?' एवढंच विचारायचे. पण रोज विचारायचे."

दीपानं संध्याकाळी नकार कळवला. आजही सांगते, "डिसिजन माझाच होता हां!" होताच की. आम्ही नुसती गाडी थांबवली होती.

मला मात्र त्या दिवशी मॅडमच्या बोलण्यानं कसंतरी झालं. कुणी विचारू नये म्हणून कायदा करणाऱ्या बाईला आठवण कसली होती, तर कुणीतरी रोज विचारायचं त्याची.

*

गेल्या वर्षी मॅडमचे दोन मिस कॉल मंगळवारी आले. पुढच्या मंगळवारीही आले. सलग दोन मंगळवार! इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

विचारायचं नाही, पण मॅडम गाडीत नसताना अंदाज बांधायला बंदी नव्हती. सर म्हणाले, रिटायरमेंटची कागदपत्रं असतील. खाजाभाई म्हणाले, पुण्याच्या मुलाकडे जायची तयारी चालली असेल. दीपा म्हणाली, "गाण्याचा क्लास लावला असेल. लोक लावतात या वयात." मी म्हटलं, "मला तर वाटतं दुसरं लग्न करून राहिल्या." सर इतके दचकले की खाजाभाईंनी सांगूनही ब्रेकर उडाला.

मधल्या दिवसांत मॅडम नेहमीसारख्याच होत्या. फक्त डबा अर्धाच खायच्या. मी ते बघितलं आणि बोलले नाही. इतकी वर्षं ज्या जिभेला आवरता आवरता दमले, ती नेमकी तेव्हा गप्प बसली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसऱ्या मंगळवारी सकाळी सात तीसला दोन मिस कॉल. आम्ही थांबलो नाही, निघालो. माळाकोळीच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक खासगी बस बंद पडलेली होती. माणसं खाली उतरून झाडाखाली उभी होती. त्यात वाघमारे मॅडम. हातात दवाखान्याचं मोठं पाकीट, छातीशी घट्ट धरलेलं.

त्यांनी आम्हाला बघितलं आणि पाठ फिरवली.

सरांनी वेग कमी केला. मग म्हणाले, "दोन दिलेत. थांबायचं न्हाई." आणि गाडी पुढे गेली. शे-दीडशे पावलं गेलो असू, सरांनी ब्रेक दाबला, रिव्हर्स टाकला आणि गाडी घरघरत थेट त्या झाडापर्यंत मागे नेली.

"सर, कोड..." दीपा म्हणाली.

"थांबू नका असा कोड हाय. मागं येऊ नका असा न्हाई!"

मॅडम आमच्याकडे बघत राहिल्या. मग मुकाट्यानं आत येऊन बसल्या. "अहमदपूरला सोडा. तिथून लातूरची बस बघते." पाकीट मांडीवर, त्यावर दोन्ही हात. मी माझी जीभ दाताखाली धरून बसले होते. खाजाभाई तेवढे म्हणत होते, "ब्रेकर, सर." थोड्या वेळानं पुन्हा, "ब्रेकर."

अहमदपूर आलं. माझी कचेरी गेली, त्यांचं कोर्ट गेलं, सरांची शाळा गेली. गाडीचा वेग काही कमी होईना.

"सर, अहमदपूर गेलं!" मॅडम म्हणाल्या.

"विचारायचं न्हाई, मॅडम."

"मी विचारत नाहीये. सांगते आहे."

"प्रश्नचिन्ह काढलं म्हणून प्रश्न संपत न्हाई!"

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मग बराच वेळ त्यांनी तो काढलाच नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

चाकूरच्या जवळपास त्या बोलल्या. "छातीत गाठ निघाली आहे. मागच्या मंगळवारी तुकडा काढून तपासायला दिला. आज रिपोर्ट आहे. नांदेडात दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं असतं. पोराला सांगितलं नाही, धावत आला असता." मग एक मोठा श्वास घेऊन म्हणाल्या, "आता विचारा, काय विचारायचं ते."

काय सांगू तुम्हाला, चौघांपैकी एकाकडेही प्रश्न नव्हता! माझ्याकडेसुद्धा. शेवटी खाजाभाई पुढून म्हणाले, "मॅडम, एसी लावू का?"

मग सगळ्यांनी आपापल्या ऑफिसात फोन लावले. शाळेत सरांच्या वतीनं मीच बोलले, ते चालवत होते. सगळ्यात शेवटी दीपाचा फोन लागला. "साहेब, आज येत नाही. कारण? घरगुती." तिच्या आधी आम्हीही हेच सांगितलं होतं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. काच खालीच होती, पण शब्द एकही हरवला नसावा.

लातूरला दवाखान्यासमोर झाडाखाली गाडी लावली. मी दार उघडून उतरायला लागले तशा मॅडम म्हणाल्या, "आत कुणी यायचं नाही. गाठ माझी आहे, ऐकणारही मीच."

"मग आम्हाला कळणार कसं?" सर.

"मिस कॉल देईन," त्या सवयीनं म्हणाल्या आणि पाकीट घेऊन ताठ मानेनं आत गेल्या.

त्या गेल्यावर आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मिस कॉल म्हणजे कितीचा? काहीच ठरलं नव्हतं.

"एक आला तर?" खाजाभाईंनी विचारलं.

"एक म्हणजे निघाल्या."

"आणि दोन?"

सरांनी चष्मा सारखा केला. फोन डॅशबोर्डवर समोर ठेवला आणि सगळे त्याच्याकडे बघत बसलो. अकरा वाजले, बारा वाजले. दीपानं कानातलं काढून पर्समधे टाकलं. एक वाजून गेला. खाजाभाईंना शुगर आहे, जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. मी त्यांना दटावलं, "तुम्ही खाऊन घ्या भाई." नाही नाही म्हणत त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि झाकण फिरवायला लागले.

फोन वाजला. एक रिंग. बंद.

"मॅडमचा," सर म्हणाले.

पुन्हा वाजला. बंद.

दोन.

येत नाही. थांबू नका. विचारू नका.

कुणी कुणाकडे बघितलं नाही. सरांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि गाडी बंद होती. मागून दीपाचा हुंदका आला. मी दाराच्या हँडलवर हात ठेवला. कोड गेला चुलीत, मी आत जाणार होते.

आणि फोन वाजला. एक रिंग. बंद.

खाजाभाईंचा हात झाकणावर तसाच थांबला होता. अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, "सर... खात्रीसाठी तर न्हाई मारला?"

"ते तुम्ही मारता!" जाधव सर ओरडले. त्यांचा चष्मा कधीच खाली आला होता आणि तो वर करायचं त्यांना भान नव्हतं. "तो डबा बंद करा आधी, खाजाभाई!"